युरोपातल्या परिषदेला पहिल्यांदा जाताना: शेंगेन व्हिसाची तयारी

युरोपातल्या परिषदेसाठी ‘कॉन्फरन्स व्हिसा’ नावाचा वेगळा व्हिसा नसतो. पर्यटकाला मिळतो तोच अल्प मुदतीचा शेंगेन व्हिसा, ज्याला ‘सी’ प्रकार म्हणतात, तो संशोधकालाही काढावा लागतो. फरक कागदांत पडतो. तुम्ही कशासाठी जाताय, पैसे कोण देतंय आणि परत का येणार, या तीन प्रश्नांची उत्तरं वकिलातीतला अधिकारी कागदांतून शोधतो. बहुतेक वेळा तो तुम्हाला पाहतही नाही. म्हणून सगळे कागद एकमेकांशी जुळले पाहिजेत. नाव, तारखा, रक्कम, खर्च करणारी व्यक्ती, सगळीकडे एकच गोष्ट दिसली पाहिजे.

हा लेख मुख्यतः पीएचडी करणाऱ्यांसाठी आणि नुकतेच प्राध्यापक झालेल्यांसाठी आहे. नांदेड, कोल्हापूर, अमरावती, जळगाव अशा ठिकाणी विभागात आधी कुणी परदेशी गेलेलं नसतं आणि विचारायला माणूस सापडत नाही, तिथल्या विद्यार्थ्याला डोळ्यांसमोर ठेवून तो लिहिला आहे. उदाहरण म्हणून व्हिएन्ना घेऊ. भूविज्ञान, हवामान, जलविज्ञान या विषयांतल्या मंडळींना युरोपियन जिओसायन्सेस युनियनची वार्षिक सभा माहीत असते. ती दर वर्षी एप्रिल-मेच्या सुमारास तिथे भरते.

शेंगेन म्हणजे नेमकं काय, हे आधी पक्कं करा. २०२५च्या जानेवारीत बल्गेरिया आणि रोमानिया पूर्णपणे सामील झाल्यावर या गटात २९ देश झाले. स्वित्झर्लंड आणि नॉर्वे युरोपीय संघात नाहीत, पण शेंगेनमध्ये आहेत. आयर्लंड संघात आहे, पण शेंगेनमध्ये नाही. ब्रिटन दोन्हीकडे नाही. त्यामुळे परिषद डब्लिनला किंवा लंडनला असेल तर हा व्हिसा चालणार नाही. शेंगेन व्हिसावर कोणत्याही १८० दिवसांत जास्तीत जास्त ९० दिवस राहता येतं. परिषदेला आठ-दहा दिवस पुरतात, त्यामुळे ही मर्यादा सहसा आड येत नाही.

परिषद खरी आहे ना?

हा प्रश्न व्हिसाच्याही आधीचा आहे. एखादा शोधनिबंध छापून आला की ‘आदरणीय प्राध्यापक’ असं संबोधून परदेशी परिषदांच्या निमंत्रणांचा पाऊस पडतो. त्यातल्या पुष्कळ परिषदा केवळ नोंदणी फी गोळा करण्यासाठी भरवलेल्या असतात. एकाच हॉटेलात एकाच दिवशी दहा विषयांच्या दहा ‘जागतिक’ परिषदा असतात, आणि गोषवारा पाठवल्यावर दोन दिवसांत स्वीकारल्याचं पत्र येतं. अशा निमंत्रणावर व्हिसा मागणं म्हणजे अर्जाची सुरुवातच कमकुवत करणं. आयोजक कोण, ती विद्वत्संस्था किती जुनी, मागच्या वर्षांचे कार्यक्रम आणि निबंध पाहायला मिळतात का, तुमच्या विषयातली ओळखीची नावं समितीत आहेत का, हे तपासा. गाइडना विचारा. गाइडना माहीत नसेल तर ज्यांचे निबंध तुम्ही वाचता, त्यांच्यापैकी कुणाला तरी सरळ मेल करा. लोक उत्तर देतात.

वेळेचं गणित

नियम असा: प्रवासाच्या सहा महिने आधीपासून अर्ज करता येतो, आणि उशिरात उशिरा १५ दिवस आधी तो दाखल झाला पाहिजे. निर्णय साधारण १५ दिवसांत येतो, मात्र अधिक तपासणीची गरज वाटली तर ४५ दिवसांपर्यंत लागू शकतात. नवखे लोक ‘१५ दिवसांत निर्णय’ एवढंच वाचून निश्चिंत होतात. खरी अडचण त्याच्या आधीच्या टप्प्यावर, म्हणजे अपॉइंटमेंट मिळण्यात असते.

व्हिएन्नाच्या सभेसाठी गोषवाऱ्याची मुदत साधारण जानेवारीच्या मध्याला संपते. स्वीकृती कळेपर्यंत आणखी काही आठवडे जातात. तेवढ्यात मार्च उजाडतो, आणि नेमके तेव्हाच मुंबई-पुण्याची कुटुंबं मे महिन्याच्या सुट्टीतल्या युरोप सहलीसाठी रांगेत उभी असतात. व्हिसा केंद्रातले स्लॉट भराभर संपतात. म्हणून गोषवारा पाठवला त्याच आठवड्यात कामाला लागा. पासपोर्ट तपासा, बँकेचे कागद गोळा करायला घ्या, महाविद्यालयातली ना हरकत पत्राची फाईल हलवा. ही फाईल सगळ्यात सावकाश चालते. विभागप्रमुख, प्राचार्य, संस्थेचं कार्यालय, कधी विद्यापीठ, अशा सह्या होईपर्यंत महिना सहज जातो. स्वीकृतीची मेल येईल त्या दिवशी फक्त तेवढं एकच पत्र जोडायचं बाकी राहिलं पाहिजे.

प्रवास अनुदानाचंही तसंच आहे. पूर्वीचं एसईआरबी, म्हणजे संशोधनाला निधी देणारं केंद्र सरकारचं मंडळ, आता अनुसंधान नॅशनल रिसर्च फाउंडेशनमध्ये विलीन झालं आहे. तिथली प्रवास साहाय्य योजना असो किंवा सीएसआयआरचं अनुदान असो, प्रत्येकाची अर्जाची मुदत परिषदेच्या बरीच आधी असते. मंजुरीचं पत्र हातात असेल तर व्हिसाच्या अर्जाला मोठा आधार मिळतो.

पासपोर्ट आणि नावाचा घोळ

पासपोर्ट नसेल तर सगळ्यात आधी तो काढा. जिल्ह्याच्या ठिकाणी टपाल कार्यालयातल्या पासपोर्ट सेवा केंद्रातही काम होतं. ३६ पानांच्या साध्या पासपोर्टची फी १,५०० रुपये आहे, तत्काळसाठी आणखी २,००० रुपये लागतात. पोलीस पडताळणीच्या वेळी दिलेल्या पत्त्यावर असाल याची काळजी घ्या. वसतिगृहाचा पत्ता दिला आणि सुट्टीत गावी गेलात, तर फाईल तिथेच अडकते.

पासपोर्ट असेल तर तीन गोष्टी पाहा. शेंगेनमधून बाहेर पडण्याच्या तारखेनंतर तो किमान तीन महिने वैध असला पाहिजे, गेल्या दहा वर्षांत दिलेला असला पाहिजे, आणि त्यात किमान दोन कोरी पानं हवीत.

आता नाव. आपल्याकडे स्वतःचं नाव, वडिलांचं किंवा नवऱ्याचं नाव आणि आडनाव असं तिहेरी नाव लिहिलं जातं. पासपोर्टात पहिली दोन एकत्र ‘दिलेलं नाव’ या रकान्यात येतात आणि आडनाव वेगळं. परिषदेच्या नोंदणीत मात्र आपण मधलं नाव गाळतो किंवा नुसती आद्याक्षरं लिहितो. मग निमंत्रण पत्र एका नावाचं, विमा दुसऱ्या नावाचा, बँकेचं खातं तिसऱ्याच स्पेलिंगचं. ‘देशपांडे’ किंवा ‘वाघमारे’ रोमन लिपीत किती तऱ्हांनी लिहिलं जातं हे आपण रोज पाहतोच. म्हणून एक कागद घ्या, पासपोर्टवर जसं आहे तसं अक्षर न अक्षर नाव त्यावर उतरवा, आणि नोंदणी, हॉटेल, विमान, विमा, ना हरकत पत्र सगळीकडे तेच वापरा.

लग्नानंतर नाव बदललेल्या स्त्रियांना इथे जास्त सावध राहावं लागतं. पदवी माहेरच्या नावाची, आधार सासरच्या, निबंध पुन्हा माहेरच्या, आणि पासपोर्ट दोहोंपैकी एका. अशा वेळी घाईने पासपोर्ट बदलायला जाऊ नका. विवाह नोंदणी प्रमाणपत्र जोडा, नाव राजपत्रात बदललं असेल तर त्याची प्रत जोडा, आणि कव्हर लेटरमध्ये, म्हणजे अर्जासोबतच्या तुमच्या पत्रात, ‘या दोन्ही नावांची व्यक्ती मीच’ असं एका वाक्यात स्पष्ट लिहा. आयोजकांना सांगून निमंत्रण पत्रावर पासपोर्टातलंच नाव घालून घ्या. लेखक म्हणून छापलेलं नाव वेगळं असेल तर त्याचाही उल्लेख करायला सांगा.

निमंत्रण पत्रात काय हवं

‘आपला गोषवारा स्वीकारला आहे’ एवढ्या मेलवर भागत नाही. बहुतेक मोठ्या परिषदा व्हिसासाठी वेगळं पत्र देतात, काही ते नोंदणी फी भरल्यावरच देतात. व्हिसा नाकारला गेला तर फी परत मिळते का, हे ती भरण्यापूर्वी त्यांच्या अटींत वाचा. पत्रात तुमचं पूर्ण नाव, जन्मतारीख, पासपोर्ट क्रमांक, परिषदेचं नाव, ठिकाण, तारखा, तुम्ही व्याख्यान देणार की पोस्टर मांडणार, आणि खर्चाबद्दल एक वाक्य असावं. आयोजक खर्च करणार असतील तर कोणता आणि किती, नसतील तर तसं स्पष्ट. गप्प बसलेलं पत्र अधिकाऱ्याच्या मनात प्रश्न ठेवून जातं.

निबंध न मांडता नुसतं श्रोता म्हणून जाणंही पूर्ण वैध आहे. फक्त तेव्हा ‘एवढा खर्च करून हीच परिषद का’ याचं उत्तर गाइडच्या पत्रातून यायला हवं.

अर्ज कोणत्या देशाकडे

जिथे मुख्य मुक्काम किंवा मुख्य कारण, त्या देशाकडे. दोन देशांत अगदी सारखाच मुक्काम असेल तर पहिल्यांदा जिथे प्रवेश करणार, तिथे. व्हिएन्नात परिषदेचे सहा दिवस आणि नंतर स्वित्झर्लंडमध्ये दहा दिवस फिरणं असा बेत आखलात, तर कारण ऑस्ट्रियाचं आणि दिवस स्वित्झर्लंडचे, असा पेच उभा राहतो. पहिल्या खेपेला हे टाळा. परिषदेच्या देशात सर्वांत जास्त दिवस राहा, फार तर दोन-तीन दिवस शेजारी. व्हिएन्नाहून ब्रातिस्लाव्हा, बुडापेस्ट, प्राग रेल्वेने जवळ आहेत आणि तिन्ही शेंगेनमध्येच आहेत. एखाद्या देशाचा व्हिसा ‘सोपा’ म्हणून तिथे अर्ज करायचा आणि जायचं दुसरीकडे, असा सल्ला काही एजंट देतात. तो ऐकू नका. विमानतळावर प्रश्न विचारले जातात आणि व्हिसा रद्दही होऊ शकतो.

अर्जातल्या प्रवासाच्या कारणाच्या रकान्यात ‘पर्यटन’ निवडू नका. परिषदेला कोणता प्रकार लावायचा हे देशागणिक थोडं वेगळं असतं. त्या देशाच्या कागदपत्रांच्या यादीत परिषदेचा उल्लेख कोणत्या शीर्षकाखाली आहे ते पाहा आणि तेच निवडा. यादीसुद्धा त्याच शीर्षकाची वापरा.

पैशाचे कागद

सगळ्यात जास्त घाम इथे फुटतो, आणि सर्वांत जास्त चुकीचे सल्लेही इथेच मिळतात.

पहिला प्रश्न: खर्च कोण करतंय? उत्तरं चार असू शकतात: तुम्ही, आई-वडील, तुमची संस्था किंवा अनुदान, आणि आयोजक. बऱ्याचदा दोन-तीन मिळून असतात. एका कागदावर सरळ तक्ता मांडा: विमानाचे पैसे कोण, राहण्याचे कोण, नोंदणी कोण, जेवणखाण कोण. प्रत्येक ओळीमागे एक पुरावा. आपल्याकडची अनुदानं बहुधा परत आल्यावर, बिलं सादर केल्यावर मिळतात. म्हणजे मंजुरीचं पत्र असलं तरी आधी खिशातून कोण घालणार हे दाखवावंच लागतं. हे नवख्यांच्या ध्यानात येत नाही आणि अर्जात खिंडार पडतं.

बँकेचं स्टेटमेंट यादीत सांगितलं असेल तितक्या महिन्यांचं, बँकेच्या शिक्क्यासह. अधिकारी शेवटची शिल्लक पाहतो, पण त्याहून जास्त तो येण्याजाण्याचा नेम पाहतो. दर महिन्याला वीस-पंचवीस हजार येणाऱ्या खात्यात अर्जाच्या आठवडाभर आधी तीन लाख येऊन बसले, तर ते उसने आणलेले आहेत असाच समज होतो. मामाकडून चार दिवसांसाठी पैसे ‘फिरवून’ घेण्याची युक्ती कृपया करू नका. मामा खरंच खर्च करणार असतील तर त्यांचं पत्र, त्यांचं स्टेटमेंट आणि नात्याचा पुरावा सरळ जोडा. ते जास्त भक्कम ठरतं.

फेलोशिपवाल्यांची एक खास अडचण आहे. कनिष्ठ संशोधन फेलोशिप २०२३ पासून महिना ३७,००० रुपये झाली आहे. पण पैसे नेमाने महिन्याला येतीलच असं नाही, अनेकदा पाच-सहा महिन्यांचे एकदम जमा होतात. यूजीसी, सीएसआयआर, बार्टी, सारथी, महाज्योती, कोणतीही फेलोशिप असो, खात्यात अशी मोठी रक्कम दिसली की ती कुठून आली हे परक्या माणसाला कळायला मार्ग नसतो. स्टेटमेंटवर त्या ओळीशी पेन्सिलने खूण करा, निवडीचं किंवा मंजुरीचं पत्र जोडा, आणि विभागाकडून ‘ही रक्कम अमुक ते अमुक महिन्यांच्या फेलोशिपची आहे’ असं दोन ओळींचं पत्र घ्या. शंकेची जागा तिथेच पुराव्याने भरून निघते.

आता शेतकऱ्याच्या घरातल्या मुलामुलींबद्दल. शेतीचं उत्पन्न करमुक्त असल्याने वडिलांचं आयकर विवरणपत्र बहुधा नसतं, आणि यादीत तर ‘आयटीआर’ लिहिलेलं असतं. यावर खचून जाऊन अर्जच न करणारे विद्यार्थी मी पाहिले आहेत, आणि त्याचं मला फार वाईट वाटतं. विवरणपत्र नाही म्हणजे उत्पन्न नाही असं नव्हे. ते दुसऱ्या कागदांनी दाखवता येतं. तहसीलदारांचा उत्पन्नाचा दाखला, डिजिटल स्वाक्षरीचा सातबारा आणि आठ-अ, साखर कारखान्याकडून खात्यात जमा झालेली उसाची बिलं, दूध संघाचे जमा, बाजार समितीतल्या आडत्याच्या पट्ट्या, मुदत ठेवीच्या पावत्या. यातलं खात्यातून दिसणारं सगळं आधी घ्या, कारण बँकेतली नोंद कुणालाही पडताळता येते. मराठी कागदांचं इंग्रजी भाषांतर जोडा. आणि एका परिच्छेदात लिहा की वडील शेती करतात, भारतात शेतीच्या उत्पन्नावर आयकर नाही, म्हणून विवरणपत्र भरलेलं नाही, त्याऐवजी हे कागद जोडले आहेत. अधिकाऱ्याला आपली शेतीची व्यवस्था ठाऊक असेल असं गृहीत धरू नका.

ना हरकत पत्र आणि कव्हर लेटर

परत येण्याची खात्री हे अर्जाचं हृदय आहे. लग्न न झालेला, नोकरी नसलेला पंचविशीतला विद्यार्थी परत कशाला येईल, असा संशय घेतला जातो, आणि तो कागदांनीच दूर करावा लागतो. विद्यापीठाचं बोनाफाईड प्रमाणपत्र, पीएचडी नोंदणीची तारीख, गाइडचं पत्र. या पत्रात ‘विद्यार्थी होतकरू आहे’ यापेक्षा उपयोगी वाक्यं अशी: नोंदणी अमुक साली झाली, प्रबंध अमुक सुमारास सादर व्हायचा आहे, परतल्यावर अमुक तारखेपासून प्रयोगशाळेतलं काम किंवा तासिका आहेत. नोकरदारांनी रजा मंजुरीचा आदेश जोडावा, त्यावर परत रुजू होण्याची तारीख असावी. सरकारी आणि अनुदानित संस्थांतल्या प्राध्यापकांनी परदेश प्रवासाची ना हरकत वेगळी घ्यावी. रजा मंजूर झाली म्हणजे तीही मिळाली असं होत नाही.

कव्हर लेटर एका पानाचं पुरे. मी कोण, कुठे शिकतो किंवा शिकवतो, कोणत्या परिषदेला, काय मांडणार, कोणत्या तारखेला निघणार आणि परतणार, कुठे राहणार, खर्च कोण करणार, सोबत कोणते कागद आहेत. पुन्हा त्या भागात जाण्याचं ठोस कारण असेल तर अनेक प्रवेशांची विनंती इथेच करा. युरोपच्या संस्कृतीवरचं प्रेम, लहानपणापासूनचं स्वप्न वगैरे लिहू नका. स्वतःच्या शब्दांत लिहा. एजंटाकडचा छापील मजकूर दिवसाला शंभर अर्जांत त्या अधिकाऱ्याने वाचलेला असतो.

तिकीट, हॉटेल, विमा

व्हिसा हातात येईपर्यंत परत न मिळणारं तिकीट काढू नका. अर्जासाठी आरक्षण पुरतं, पण ते खरं असावं. विमान कंपनीच्या संकेतस्थळावर क्रमांक टाकल्यावर दिसलं पाहिजे. हॉटेल मोफत रद्द करता येण्याजोगं घ्या, पण व्हिसा मिळेपर्यंत रद्द करू नका. परिषदेच्या आधी एक रात्र आणि नंतर एक रात्र धरा. सगळ्या रात्रींचा हिशोब लागला पाहिजे, मधली एकही रात्र मोकळी नको.

विमा किमान ३०,००० युरोचा, सगळ्या शेंगेन देशांत चालणारा, पूर्ण मुक्कामाचा, आणि आजारपणात किंवा मृत्यूनंतर मायदेशी आणण्याचा खर्च धरलेला असा लागतो. आपल्या विमा कंपन्या याच नियमाच्या पॉलिसी देतात. दोन-तीन दिवस जास्तीचे घ्या, विमान लांबलं तर उपयोगी पडतात.

केंद्रातला दिवस

बहुतेक शेंगेन देशांचे अर्ज व्हीएफएससारख्या खासगी केंद्रांत स्वीकारले जातात. मुंबईत ती आहेत, बऱ्याच देशांची पुण्यातही आहेत. तिथली खिडकीवरची माणसं कागद घेतात, तपासतात, बोटांचे ठसे आणि छायाचित्र घेतात. व्हिसा द्यायचा की नाही हे ती ठरवत नाहीत, निर्णय वकिलातीचा असतो. त्यामुळे तिथे कुणी ‘हा कागद नको’ म्हणालं आणि तुम्हाला तो महत्त्वाचा वाटत असेल, तर नम्रपणे जोडायला सांगा. छायाचित्र ३५ बाय ४५ मिलिमीटरचं, फिक्या पार्श्वभूमीवरचं, अलीकडचं. ठसे एकदा दिले की ५९ महिने पुन्हा वापरता येतात.

फी प्रौढांसाठी ९० युरो आहे, जून २०२४ मध्ये ती ८० वरून वाढली. व्हिसा नाकारला तरी ती परत मिळत नाही. पण एक गोष्ट फार थोड्यांना माहीत असते. शेंगेन व्हिसा संहितेच्या सोळाव्या कलमात वैज्ञानिक चर्चासत्राला किंवा परिषदेला जाणाऱ्या संशोधकांना फीमाफी आहे, तसंच अभ्यास किंवा शैक्षणिक प्रशिक्षणासाठी जाणाऱ्या विद्यार्थ्यांनाही. ही माफी आपोआप लागत नाही. निमंत्रण पत्र आणि संशोधक असल्याचा पुरावा दाखवून ती मागावी लागते, आणि कुणाला लागू हे वकिलात ठरवते. फेलोशिपवर जगणाऱ्यासाठी ९० युरो लहान रक्कम नाही, तेव्हा संकोच न करता विचारा. केंद्राचं सेवा शुल्क मात्र वेगळं असतं, ते द्यावंच लागतं.

अर्ज दिल्यावर पासपोर्ट तिकडेच राहतो. त्या काळात दुसरा परदेश प्रवास किंवा दुसऱ्या देशाचा व्हिसा शक्य नसतो, तसा बेत असेल तर क्रम आधीच लावा. वकिलातीतून फोन किंवा मेल आली तर लगेच उत्तर द्या. अनोळखी क्रमांकाचा फोन उचलायचा नाही ही सवय एवढ्या दिवसांपुरती सोडा.

व्हिसा वाचायचा कसा

पासपोर्टवर चिकटवलेल्या व्हिसात तीन गोष्टी वेगवेगळ्या असतात: कोणत्या तारखेपासून कोणत्या तारखेपर्यंत, किती दिवस, आणि किती प्रवेश. समजा २ मे ते २६ मे अशा तारखा आहेत आणि दिवस १० लिहिले आहेत. याचा अर्थ त्या २५ दिवसांच्या खिडकीत कधीही जा, पण राहायचं दहाच दिवस. पोहोचण्याचा दिवसही मोजला जातो, निघण्याचाही. जास्तीच्या तारखा सवलत म्हणून दिलेल्या असतात, मुक्काम वाढवायला नव्हे. प्रवेशाच्या जागी ‘०१’ असेल तर शेंगेनच्या बाहेर पाऊल टाकलं की व्हिसा संपला. व्हिएन्नाहून प्रागला जाता येईल, पण बेलग्रेडला जाऊन परत येता येणार नाही.

नाव, पासपोर्ट क्रमांक, तारखा केंद्रातून बाहेर पडण्याआधीच तपासा. पासपोर्ट कुरिअरने आला तर त्याच दिवशी. चूक असेल तर लगेच दुरुस्त होऊ शकते.

विमानतळावर

तपासणी पहिल्या शेंगेन विमानतळावर होते. मुंबईहून फ्रँकफर्टमार्गे व्हिएन्नाला गेलात तर शिक्कामोर्तब फ्रँकफर्टलाच. म्हणून निमंत्रण पत्र, हॉटेल, विमा, परतीचं तिकीट, बँकेचा कागद असे सगळे छापील कागद हातातल्या पिशवीत ठेवा, मोठ्या बॅगेत टाकू नका. व्हिसा असला तरी आत सोडायचं की नाही हे सीमेवरचा अधिकारी ठरवतो, आणि त्याला हे कागद पुन्हा मागण्याचा अधिकार आहे. ‘कशासाठी आलात’ याचं उत्तर अर्जात लिहिलंय तेच, दोन वाक्यांत. ऑक्टोबर २०२५ पासून पासपोर्टवर शिक्के मारण्याऐवजी प्रवेश-निर्गमनाची संगणकीय नोंद टप्प्याटप्प्याने सुरू झाली आहे. राहिलेल्या दिवसांचा हिशोब त्यामुळे यंत्रणेकडे आपोआप जमा होतो. जोडविमानाला वेळ जास्त ठेवा.

लंडनमार्गे जाण्याचा बेत असेल तर ब्रिटनचे ट्रान्झिटचे नियम तिकीट काढण्याआधी पाहा. भारतीय पासपोर्टवर तिथे विमान बदलायलाही व्हिसा लागू शकतो. आखाती देशांतून जाणारी विमानं या बाबतीत बिनघोर.

नाकारला गेला तर

नकाराचा ठरावीक नमुना असतो आणि त्यावर कारणावर खूण केलेली असते. नेहमीची कारणं तीन: प्रवासाचा उद्देश पटला नाही, साधनं पुरेशी दिसली नाहीत, परत जाण्याच्या इराद्याबद्दल वाजवी शंका. अपील करता येतं, त्याची रीत आणि मुदत त्याच कागदावर असते. पण परिषद महिन्यावर आली असेल तर अपिलाचा निकाल वेळेत येणं कठीण. कमी पडलेला कागद नेमका ओळखून नव्याने अर्ज करणं बहुधा जास्त उपयोगी पडतं. तेच कागद पुन्हा दिले तर तेच उत्तर येतं. आयोजकांना कळवा, पुष्कळ परिषदा ऑनलाइन सादरीकरणाची सोय करतात किंवा सहलेखकाला मांडू देतात.

आधीचा नकार कधीही लपवू नका. शेंगेनची व्हिसा माहिती पाच वर्षं साठवलेली असते आणि सगळे सदस्य देश ती पाहू शकतात. अमेरिका आणि ब्रिटनच्या अर्जांत तर मागच्या नकारांबद्दल थेट प्रश्न असतो. एकदाच्या नकारावर मात करता येते, पण खोटं उत्तर किंवा बनावट कागद वर्षानुवर्षं आड येतो.

इतर देशांबद्दल थोडं

परिषद अमेरिकेत असेल तर बी-१ व्हिसा लागतो, डीएस-१६० अर्ज भरावा लागतो आणि बहुतेकांना प्रत्यक्ष मुलाखत द्यावी लागते. मुलाखतीची तारीख मिळायला कधी कधी महिने जातात, तेव्हा गोषवारा पाठवण्याआधीच प्रतीक्षाकाळ पाहून घ्या. ब्रिटनला स्टँडर्ड व्हिजिटर व्हिसा लागतो, त्याचा अर्ज प्रवासाच्या तीन महिने आधीपासून करता येतो. जपानची रीत वेगळी आहे. तिथली निमंत्रक संस्था निमंत्रणाचं कारण, हमीपत्र आणि मुक्कामाचं वेळापत्रक असे कागद पाठवते, म्हणून आयोजकांशी पत्रव्यवहार फार लवकर सुरू करावा.

दुबई, सिंगापूर किंवा अमेरिकेत शिकणाऱ्या-राहणाऱ्या मराठी मंडळींनी शेंगेनचा अर्ज साधारणपणे तिथूनच करायचा असतो, जिथे त्यांचं कायदेशीर वास्तव्य आहे. अमेरिकेत एफ-१ या विद्यार्थी व्हिसावर असाल तर परतताना पासपोर्टातला अमेरिकी व्हिसा जिवंत आहे का ते आधी पाहा. आय-२० हा विद्यापीठाने दिलेला प्रवेशाचा दाखला वैध असूनही व्हिसाचा शिक्का संपलेला असेल, तर युरोपातून परत शिरता येत नाही आणि सत्र बुडतं.

परतल्यावर बोर्डिंग पास, उपस्थितीचं प्रमाणपत्र, नोंदणीची पावती जपून ठेवा. अनुदानाच्या बिलांना ते लागतातच, पुढच्या व्हिसालाही लागतात. एप्रिल २०२४ पासून भारतात राहणाऱ्या भारतीयांसाठी शेंगेनचा नियम सैल झाला आहे. गेल्या तीन वर्षांत दोन व्हिसा घेऊन ते नियमाने वापरले असतील, तर पुढचा व्हिसा दोन वर्षांचा आणि अनेक प्रवेशांचा मिळू शकतो. त्यानंतरचा, पासपोर्टची मुदत पुरत असेल तर, पाच वर्षांचा.